नमस्कार मंडळी! पण कुठली मंडळी?

[स्वयंपाकघरातलं टेबल. मागे गॅसवर कुकर. थेट कॅमेऱ्याकडे बघून.]

नमस्कार मंडळी!

हा शब्द आज मुद्दाम घेतलाय. मराठी ख्रिस्ती माणसाला 'मंडळी' म्हटलं की चर्च आठवतं. इमारत नव्हे, माणसं. पण आमच्या आजोबांच्या तोंडी 'मंडळी माहेरी गेलीत' म्हणजे बायको माहेरी गेलीय. शब्द एकच, हक्क सांगणारे दोन. गेली बारा वर्षं मी अहिल्यानगरला तरुणांमध्ये सेवा करतोय, आणि माझी सगळी ओढाताण या दोन मंडळींमधली आहे.

मागच्या की त्याच्या मागच्या डिसेंबरातली गोष्ट. कॅरल राउंड, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघर फिरणं, चालू होता. भिंगारला एका घरी आमचं गाणं संपलं, चहा आला, आणि तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : 'गॅस संपलाय. तुमचे दादा कुणाला भेटले तर सांगा.'

पाठवणारी माझी बायको.

पोरं हसली, मीही हसलो. घरी परतताना बघतो तर तिचे तीन मिस्ड कॉल. फोन मी उचलत नाही, पण ग्रुप बघतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पत्ता अगदी बरोबर निवडला होता तिनं.

आता लोक सांगतात, वेळेचं नियोजन करा, डायरी ठेवा. ठेवली. पण या कामाचं गणितच उलटं आहे. तरुण पोरं दिवसा कॉलेजात नाहीतर कामावर. म्हणून तरुण सभा शनिवारी संध्याकाळी. उपासना रविवारी सकाळी. शिबिर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. नाताळात कॅरल, 31 डिसेंबरला मध्यरात्रीची उपासना. म्हणजे माझ्या मुलीला सुट्टी असते तेव्हा माझी ड्युटी, आणि सोमवारी मला सुट्टी तेव्हा ती शाळेत. तास किती देता हे कुणी विचारू नका. कुठले देता ते विचारा.

बरं, हेही जमवता आलं असतं. खरी अडचण एका शब्दाची होती : देवाचं काम. मी बँकेत असतो तर बायको म्हणाली असती, 'साहेबाला सांगा, आज जमणार नाही.' देवाच्या विरोधात ती कुणाकडे तक्रार करणार? मी तो शब्द ढालीसारखा वापरला. भांडी घासायची वेळ झाली की नेमकी कुणाला तरी माझ्या प्रार्थनेची निकड लागायची.

[पडद्यावर : बायबल, निर्गम, अध्याय 18]

हा अध्याय आम्ही पुढाऱ्यांच्या प्रशिक्षणात हमखास शिकवतो. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय. सासरा इथ्रो म्हणतो, हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. कामाची वाटणी, झाला धडा!

पण अध्यायाची सुरुवात आम्ही सोडून देतो. इथ्रो तिथे आलाच कशाला? मोशेनं बायकोला, सिप्पोराला, माहेरी पाठवलं होतं. तिला आणि गेर्षोम, अलियेजर या दोन नातवांना घेऊन म्हातारा रानात आलाय. आणि दुसऱ्याच दिवशी बघतो काय, तर जावयाच्या दारात ही रांग! मुलीच्या काळजीनं तो बोलला असं बायबल म्हणत नाही. हे माझं वाचन आहे. पण मलाही मुलगी आहे.

एलीचं तर बघवत नाही. शिलो इथला याजक. दुसऱ्याच्या पोराला, लहानग्या शमुवेलाला, देवाची हाक ओळखायला त्यानं शिकवलं. तरुणांच्या सेवेचं याहून सुंदर उदाहरण नाही. आणि त्याची स्वतःची मुलं, हफनी आणि फिनहास, लोकांच्या अर्पणाच्या मांसावर हात मारत होती. बरं, तोच शमुवेल मोठा झाला, त्याचे मुलगे लाच खाऊ लागले. यावर मी आजवर एकदाही संदेश दिलेला नाही. धीर होत नाही.

आणि आमच्या नगरकरांचं घरचं उदाहरण, रेव्हरंड टिळक. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तोही बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, आणि 1900 साली स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली. त्यांची भजनं आपण आजही गातो, पण त्या घरात चूल कशी पेटत होती हे आपल्याला कळलं 'स्मृतिचित्रे'मुळे. ते लिहिलं लक्ष्मीबाईंनी. माझ्या घरी कुणी असं लिहायला बसलं तर? हा विचार आला की मी फोन उचलतो.

मग केलं काय? थोडंच.

दहा-दहा जणांचे गट केले. रात्री नऊनंतर गटाच्या ताईला किंवा दादाला फोन करायचा, मला नाही. फारच तातडीचं असेल तर माझ्या बायकोच्या नंबरवर करायचा. तातडीचं आहे की नाही ते ती ठरवते. काय सांगू, तातडीच्या गोष्टी एकदम कमी झाल्या!

शिबिराच्या स्वयंपाकाला तिला गृहीत धरायचं बंद केलं. तिला तिची नोकरी आहे. आता विचारतो, आणि ती सरळ नाही म्हणते.

पैशाचं बोलायला आपण लाजतो. मानधनावर घर चालत नाही. प्रेषित पौलसुद्धा करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोबरोबर तंबू शिवायचा. मी सकाळी गणिताच्या शिकवण्या घेतो. त्यातून पोट भरतंच, पण दुसरा फायदा मोठा आहे : मंडळीच्या कमिटीला 'या शनिवारी नाही' म्हणताना पोटात गोळा येत नाही.

माझ्या विश्वासाचं सगळ्यात उशिरा लक्षात आलं. बायबलमधलं वचन वाचायला बसलो की डोक्यात मुद्देच पडायचे. हे शनिवारी चालेल, हे शिबिराला. देवाशी बोलणं बंद, तयारी चालू. म्हणून आता घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मी बोलायचं नाही असा नियम आहे. मुलगी वाचते. अडखळते. मध्येच विचारते, 'नोहाच्या तारवात झुरळंपण होती का?' उत्तर द्यायला मी तोंड उघडतो, आणि बायको माझ्याकडे बघते.

तरी गेल्या मे महिन्यात शिबिराच्या नादात मुलीचा निकाल आणायचा राहिलाच. तेव्हा माझं सगळं सुरळीत झालंय असं समजू नका.

[मागे कुकरची शिट्टी.]

ही तिसरी. तिसरीला बंद करायला सांगितलंय.

[उठतो. कॅमेरा तसाच चालू.]