बाथरूमची गळती आणि न येणारा मिस्त्री

मंडळी, 'माणूस मिळत नाही' ही तक्रार सोसायटीच्या प्रत्येक सभेत ऐकू येते. फोन केला की 'उद्या येतो', उद्या 'साइटवर आहे', परवा फोन बंद. आज मी एकच काम धरून बोलणार आहे : वरच्या बाथरूममधून खालच्या घरात होणारी गळती. माणूस का मिळत नाही, याची जवळजवळ सगळी कारणं या एका कामात सापडतात.

आधी कारागिराच्या बाजूने पाहू. प्लंबर काय, मिस्त्री काय, रोजावर जगतो. तुमचं काम अर्ध्या तासाचं असलं तरी येणं, बघणं, दुकानात जाऊन सामान आणणं, चुकीचं फिटिंग परत करणं यात त्याचा अर्धा दिवस जातो. पूर्ण रोज मागावा तर तुम्ही देणार नाही, अर्ध्या तासाचे पैसे घ्यावेत तर त्याला परवडत नाही. शिवाय गळतीचं काम एकट्याचं नसतं. पाइप प्लंबरचा, फरशी मिस्त्रीची, कोटिंग वॉटरप्रूफिंगवाल्याचं आणि खालचं छत रंगाऱ्याचं. दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्यावर फुटेल, ही भीती प्रत्येकाला असते. त्यात तुम्ही फोनवर सांगता, 'खाली पाणी गळतंय.' एवढ्यावरून जाणता कारागीर भाव सांगूच शकत नाही, म्हणून तो टाळतो. न बघता 'सगळं फोडावं लागेल' म्हणणारा मात्र लगेच येतो.

म्हणून निदान आपण करायचं आणि ठरलेलं काम त्याच्या हातात द्यायचं. या निदानाला हत्यारं लागत नाहीत, दोन-तीन दिवस लागतात.

पहिल्या दिवशी फक्त बघा. खाली जिथे थेंब पडतो तिथे भांडं ठेवा आणि तासात किती पाणी जमतं ते मोजा. बाथरूम रात्रभर वापरलं नाही तरी थेंब त्याच गतीने पडत राहिला, तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या लाइनवर. वापरानंतर वाढून मग कमी होत असेल, तर फरशी किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचं पाणी वाहून नेणारं भांडं. फक्त पावसात होत असेल, तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधला (सामायिक पाइपांच्या उभ्या पोकळीतला) पाइप. हा शेवटचा भाग सोसायटीच्या खर्चाचा आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. संडास, सिंक वगैरेंची आतली गळती संबंधित सभासदाने. हे आधीच स्पष्ट झालं की वरच्या-खालच्या घरांतलं भांडण निम्मं संपतं.

लाइनवर संशय असेल तर बाथरूमचा व्हॉल्व्ह रात्री बंद करा. सकाळपर्यंत थेंब थांबला किंवा बराच मंदावला, तर लाइनच. खात्रीसाठी प्लंबरला हातपंपाने दाब द्यायला सांगा. टाकी नळापेक्षा २० मीटर उंच असेल तर लाइनवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलोचा दाब असतो, चाचणी त्याच्या दीडपट तरी हवी. पंपावरच्या दाबमापकाचा काटा खाली सरकला की लाइन फुटलेली आहे.

लाइन ठीक निघाली की फरशी. प्लॅस्टिकच्या पिशवीत फडकं घालून नहाणीचं तोंड घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, त्यात खायचा रंग मिसळा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. २४ तास ठेवा. खाली रंगीत पाणी आलं तर दोष फरशीत किंवा तिच्याखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. काहीच आलं नाही तर फडकं काढा, पाणी जाऊ द्या आणि खाली लक्ष ठेवा. आता आलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा सांधा. हा क्रम उलटा करू नका. आधी नहाणीतून पाणी सोडलं तर कुठलं पाणी कुठून आलं हे कळायला मार्ग राहत नाही.

आता कारागिराला फोन करा, आणि तो असा : 'नहाणी ट्रॅप बदलायचा आहे, भोवतीची दोन फूट बाय दोन फूट फरशी काढावी लागेल, सामान आणि टाइल आणून ठेवली आहे, काम सकाळी १० ते ५, लिफ्ट वापरायची आणि राबिट (फोडकामाचा मलबा) उचलायची परवानगी घेतली आहे.' या एका वाक्यावर माणूस येतो, कारण त्याला त्याचा दिवस दिसतो. राबिटच्या गोण्या कुठे ठेवायच्या हे न ठरल्याने गेटवर अडकलेला मिस्त्री पुन्हा त्या सोसायटीत येत नाही. घरातली बाकीची छोटी कामंही त्याच दिवशी काढा : गळका अँगल कॉक, सिंकची वेस्ट कपलिंग, फ्लश टाकीचा वॉल्व्ह. पूर्ण रोजाचं काम झालं की नकार मिळत नाही.

सामानात दोन चुका नेहमी होतात. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारं प्लॅस्टिक) आणि साधं पीव्हीसी यांचं सांधा चिकटवायचं सोल्युशन वेगळं असतं. एकाचं दुसऱ्याला लावलं तर सांधा त्या दिवशी धरतो आणि पुढे सुटतो. दुसरी चूक जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाला प्लॅस्टिक आट्याचं फिटिंग लावण्याची. तिथे पितळी आट्याचंच घ्या.

ट्रॅपच्या कामात एका ठिकाणी मात्र तुम्ही उभं राहिलंच पाहिजे. पीव्हीसी गुळगुळीत असतं, सिमेंट त्याला चिकटत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट राहते आणि बहुतेक वेळा गळती तिथूनच होते. म्हणून ट्रॅप बसवण्यापूर्वी त्याच्या बाहेरच्या अंगाला सोल्युशन लावून त्यावर कोरडी, चाळलेली रेती भुरभुरायची आणि वाळू द्यायची. खरखरीत झालेल्या त्या अंगाला सिमेंट पकडतं. मग भोवती न आकसणारा ग्राउट, म्हणजे फट भरायचा सिमेंटी मसाला, भरायचा. पाच मिनिटांचं हे काम घाईत राहून जातं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच फरशी फुटते.

पूर्ण फरशी काढायची वेळ आली तर स्लॅबपर्यंत जा. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) करून घ्या, कोटिंगचे दोन हात द्या, दुसरा हात पहिला सुकल्यावर आणि त्याला आडवा. कोटिंग भिंतीवर निदान एक फूट चढवा, शॉवरच्या भिंतीवर सहा फूट. मग टाइल लावण्यापूर्वी ४८ तास पाणी साठवून ठेवा. या दोन दिवसांत मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो आणि परत येत नाही, म्हणून लोक ही चाचणीच गाळतात. त्याऐवजी हे दोन दिवस आधीच ठरवा आणि पुढची तारीख त्याला सांगून ठेवा. टाइल लावताना पाच फुटांना पाऊण इंच उतार नहाणीकडे हवा.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. आगाऊ रक्कम मालापुरती द्या, पण ठरलेला रोज त्या दिवशी संध्याकाळी हातात ठेवा. 'बघू, नंतर देतो' म्हणणारी घरं कारागिरांच्या लक्षात राहतात. मोठ्या कामात १० ते १५ टक्के रक्कम पाण्याच्या चाचणीनंतर द्यायची, हे सुरुवातीलाच कागदावर लिहा. काम झाल्यावर ते सांगणं अन्याय आहे. दिवसभर राबणाऱ्याला पाणी, चहा आणि वापरायला संडास मिळालाच पाहिजे.

वेळही निवडावी लागते. मुंबई-पुण्यातले बरेच प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा भागातले आहेत, आणि जूनच्या मध्यावर त्यांचा रज सण येतो, नेमका आपला पाऊस सुरू होताना. बिहारकडचे मिस्त्री दिवाळीनंतर छठसाठी गावी जातात. होळीलाही मजूर जमतात ते नाके ओस पडतात. गळतीचं काम होळीनंतर एप्रिल-मेमध्ये धरा. तेव्हा स्लॅब सुकतो, कोटिंग धरतं, आणि खालच्या छताला रंग लावण्यापूर्वी लागणारे सुकण्याचे आठवडे पावसाआधी मिळतात.

फरशी बंद होण्यापूर्वी उघड्या पाइपांचे फोटो काढा, दाराच्या चौकटीपासून मोजपट्टी धरून. पाइप जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि कोणत्या मापाचा आहे, हे फोटोखाली लिहा. त्याची एक प्रत सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्या प्लंबरला भिंत ठोकून पाइप शोधावा लागणार नाही.