पलंगावरचा गादीवाफा

नमस्कार श्रोतेहो.

ड्रॉवर अडकणारं टेबल, बैठक फाटलेली वेताची खुर्ची, दार निखळलेलं कपाट. असं काहीतरी प्रत्येक घरात असतं, धड वापरातही नसतं आणि टाकवतही नाही. आज त्याबद्दलच बोलायचंय. हे सामान बागेत न्यायचं, त्यात माती भरायची आणि झाडं लावायची. कसं करायचं ते सांगणारच आहे, पण आधी आमच्या आत्याच्या पलंगाची गोष्ट सांगते. त्या पलंगानं मला जे शिकवलं, ते नंतर कुठल्याच खुर्ची-टेबलानं शिकवलं नाही.

पलंग सागवानी. तीन फूट रुंद, सहा फूट लांब, उशाकडच्या फळीवर कोरलेलं कमळ. आत्याला बागेचं विलक्षण वेड. पण तिचे गुडघे गेले आणि उकिडवं बसणं बंद झालं. वाफ्यात उकिडवं बसल्याशिवाय खुरपं चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षं बाग ओस पडली. आम्ही कुणी तण काढायला गेलो की ती खिडकीत येऊन उभी राहायची. "हळू गं, मूळ तुटेल." एवढंच म्हणायची. तिचा तो आवाज ऐकवत नसे.

मग तिला बसता-उठता यावं म्हणून उंच पलंग आला आणि जुना पलंग अंगणात भिंतीला टेकला. भंगारात द्यायचं ठरत होतं. मी म्हटलं, "आत्या, यात झाडं लावू या का?" ती बराच वेळ पलंगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पलंगावर गादी असतेच की. गादीवाफा कर."

शेतकरी श्रोत्यांना गादीवाफा सांगायला नको. रोपं तयार करायला जमिनीपेक्षा उंच वाफा करतात, तो. त्यात पाणी तुंबत नाही, मुळांना हवा मिळते. रुंदी साधारण मीटरभर ठेवतात, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय पडता कामा नये. आत्याचा पलंग ९० सेंटीमीटर रुंद. त्याची उंची अशी की स्टुलावर बसलं की हात थेट मातीत. वाकायला नको, उकिडवं बसायला नको.

मी लागले कामाला. वरची प्लायवूडची फळी काढली, खाली आडव्या पट्ट्या होत्या त्यांवर गोणपाट अंथरलं, कडेनं वीतभर उंचीच्या फळ्या ठोकल्या आणि बागेतली माती भरली. आत्या स्टुलावर बसली. तिनं बोटानं रेघा ओढल्या आणि पालक पेरला. दोन वर्षांनी तिच्या नखांत माती गेली होती. संध्याकाळी तिनं हात धुवायला उशीर केला, ते मी पाहिलं.

आठवड्यात पालक उगवला, आणि त्यानंतर पहिला जोराचा पाऊस आला. रात्री अंगणात कडाड्‌कन आवाज झाला. सकाळी बघते तर मधल्या दोन पट्ट्या मोडलेल्या, एक पाय बाहेरच्या बाजूला फाकलेला, आणि पलंगाखाली मातीचा ढीग. कोवळी रोपं उलटीपालटी होऊन त्यात रुतलेली. मला रडू फुटलं. आत्या काठी टेकत आली. ती मला काही बोलली नाही. स्टूल मागवलं, बसली, आणि मातीतून एकेक रोप चिमटीनं उचलून ओल्या फडक्यावर ठेवायला लागली. दोन पानांची रोपं, दोऱ्याएवढं मूळ.

जो हिशेब मी आधी करायला हवा होता, तो त्या दुपारी केला. ९० सेंटीमीटर रुंद, १८० लांब, २० खोल. म्हणजे ३२४ लिटर माती. ओली माती लिटरमागे सव्वा ते दीड किलो भरते. म्हणजे ४०० ते ५०० किलो! पलंग बनला होता एका माणसासाठी, आणि मी त्यावर सहा-सात माणसं कायमची झोपवली होती. कोरडी होती तोवर पट्ट्यांनी ती तोलली. पावसानं वजन वाढवलं आणि पट्ट्या गेल्या.

म्हणून पहिली गोष्ट वजन. पुन्हा सांगते, वजन, आणि तेही ओल्या मातीचं. झाड कुठलं लावायचं ते नंतर.

आम्ही पट्ट्या बदलल्या, पलंगाखाली मधोमध विटांचे तीन खांब रचले, पायांखाली सपाट दगड सरकवले. नुसत्या मातीऐवजी माती, कंपोस्ट आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा हलका भुसा, असं समसमान मिसळून भरलं, त्यानं भार बराच कमी झाला. फडक्यावरचा निम्मा पालक जगला. आता उशाशी गोकर्णाचा वेल आहे, तो कमळावर चढलाय. गुळगुळीत लाकडावर त्याला पकड मिळेना, म्हणून आत्यानं सुतळी ताणून दिली. पायथ्याशी पुदिना, पण तो वेगळ्या ड्रॉवरमध्ये. पुदिना मोकळा सोडला की मातीखालून धावत सुटतो आणि सगळा वाफा व्यापतो.

आता बाकीचं सांगते. वेळ थोडा उरलाय.

दुसरी गोष्ट, भोकं. ड्रॉवर असो, पेटी असो, तळाला १० ते १२ मिलिमीटरची भोकं हवीत, साधारण १५ सेंटीमीटरवर एकेक. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा. तळाशी खडे मात्र घालू नका. पाणी निचरावं म्हणून सगळे घालतात, पण बारीक मातीतलं पाणी वरची माती पुरती भिजल्याशिवाय खड्यांत उतरतच नाही. चिखलाचा थर तसाच राहतो, फक्त वर सरकतो, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकं पाडा, खडे नकोत. आणि भोकं पाडायला कुणाची वाट बघत बसू नका. घरात एक ड्रिल असावंच, आणि ते घरातल्या मुलींना चालवता यावं, असं माझं ठाम मत आहे. मला ते पस्तिशीत आलं, फार आधी यायला हवं होतं.

तिसरी गोष्ट, लाकूड. बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सहसा कुजत नाही. म्हणून वस्तू जमिनीला टेकवू नका, खाली विटा द्या, हवा खेळू द्या. सागाच्या अंगात तेल असतं, तो टिकतो. भुशाचा दाबलेला बोर्ड मात्र पाणी लागलं की फुगतो आणि पोळीसारखे पापुद्रे सुटतात. त्याचं कपाट असेल तर माती भरू नका, आत कुंड्या ठेवा. आत्याच्या पलंगाचे जोड हातोडीनं सुटले आणि पुन्हा बसले. आजचं फर्निचर एकदा उघडलं की स्क्रू परत धरत नाही. सुताराच्या हाताची वस्तू स्वस्तात काढून टाकू नका हो, मला फार वाईट वाटतं.

चौथी गोष्ट, रंग. इथे खरंच जपा. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ साली बंदी आली. आपल्याकडे रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग सुटायला लागला असेल तर कोरडा घासू नका, धूळ नाकात जाते, आणि घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. अशा वस्तूत भाजी लावू नका, फुलंच लावा.

खोली बघून झाड निवडा. १५ सेंटीमीटरच्या ड्रॉवरमध्ये पालेभाज्या आणि झेंडू खुशाल येतात. मिरची-टोमॅटोला ३० तरी हवेत. आणि सगळ्यात सोपं हवं असेल तर खुर्ची. फाटकी बैठक काढा, त्या जागी काठ अडकेल अशी कुंडी बसवा, झालं काम. गच्चीवर किंवा गॅलरीत ठेवणार असाल तर वजनाचा हिशेब दोनदा करा, आणि मोठा वाफा असेल तर जाणकार इंजिनिअरला विचारल्याशिवाय भरू नका.

लाकूड कुजलंय का, हे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून कळतं. टोक आत गेलं तर ती पट्टी बदलायची. आत्या दर पावसाळ्याआधी स्टुलावर बसून एकेक पट्टी अशी तपासते. काल तिचा फोन आला, पायथ्याकडची एक पट्टी मऊ लागतेय. रविवारी मी ड्रिल आणि नवी पट्टी घेऊन जाणार आहे.

नमस्कार.