कोंक: चोरून आणलेल्या संताचं गाव

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या गावाची गोष्ट सांगणार आहे, त्याचं नशीब एका चोरीनं उघडलं. चोरी अस्थींची होती आणि चोर होता मठातला एक संन्यासी.

गावाचं नाव कोंक. फ्रान्सच्या दक्षिण भागात आवेरों नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथं दुर्दू नदीच्या खोऱ्यात, उतारावर हे गाव वसलंय. वस्ती अवघी काही शेकड्यांची. घरांची छपरं करड्या दगडी फरश्यांची, भिंती लाकडी चौकटीच्या. आजूबाजूला चेस्टनटची झाडं. मधोमध मात्र एखाद्या शहराला शोभेल असं दगडी चर्च उभं आहे. एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर त्या चोरीत आहे.

नवव्या शतकात इथं संन्याशांचा एक मठ होता. शार्लमेन बादशहाच्या मुलानं, लुईनं, ८१९ साली त्याला सनदही दिली होती. पण जागा पडली आडवळणाची. त्या काळी युरोपात मठ नावारूपाला यायचा तो संताच्या अस्थींमुळे. अस्थी असल्या की यात्रेकरू येत आणि त्यांच्यामागून दानधर्म येई. कोंककडे नाव घ्यावं असा संत नव्हता. आजाँ या शहराकडे मात्र होता. फ्वा नावाची बारा वर्षांची मुलगी, रोमन देवतांपुढे नैवेद्य ठेवायला नकार दिला म्हणून ३०३च्या सुमारास मारली गेली, अशी तिची परंपरागत कथा. तिची समाधी आजाँला होती.

मग कोंकचा एक संन्यासी आजाँला गेला. तिथल्या मंडळींत मिसळला आणि सुमारे दहा वर्षं इमानेइतबारे राहिला. इतका विश्वास कमावला, की समाधीची राखणच त्याच्याकडे आली. आणि ८६६च्या सुमारास एका रात्री अस्थी घेऊन तो पसार झाला! ही हकिकत कोंकच्या मठानंच लिहून ठेवली आहे, तीही अभिमानानं. संताची इच्छा नसती तर अस्थी जागच्या हलल्याच नसत्या, हा त्यांचा युक्तिवाद. त्यावर आजाँवाले काय बोलणार?

त्या अस्थींसाठी एक मूर्ती घडवली गेली. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा, उंची ८५ सेंटिमीटर, सिंहासनावर ताठ बसलेली. गंमत म्हणजे तिचा चेहरा मुलीचा नाहीच. उत्तर रोमन काळातलं एक तयार शिर आणून बसवलंय, आणि ते पुरुषी आहे. भाविकांनी वाहिलेले खडे, रत्नं शतकानुशतकं तिच्या अंगावर चढत गेली. १०१३च्या सुमारास आंजेचा बर्नार नावाचा एक विद्वान तिथं आला. मूर्ती पाहून तो मनातून हसला. ज्युपिटर नाहीतर व्हीनस या रोमन देवतांसारखी ही कसली पूजा, असं त्याला वाटलं. पण परतताना तो तिचा भक्त झाला होता, आणि तिच्या चमत्कारांची नोंद त्यानंच लिहायला घेतली. त्या कथांतली फ्वा थोर गंभीर संत नाही, हट्टी पोर आहे. बायकांच्या स्वप्नात जाऊन अंगठ्या, बांगड्या मागते. कैद्यांना सोडवते, आणि सुटलेले कैदी बेड्या तिच्यापुढे आणून टाकतात. त्याच बेड्या वितळवून चर्चमधल्या लोखंडी जाळ्या केल्या, असं गावात सांगतात.

यात्रेकरू वाढले. फ्रान्समधल्याच ल प्वीहून स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राकडे पायी जाणाऱ्यांची वाट कोंकवरूनच जाऊ लागली. अकराव्या शतकाच्या मध्याला आजचं चर्च बांधायला सुरुवात झाली. पुढच्या शतकात त्याच्या पश्चिम दारावर अंतिम निवाड्याचं, म्हणजे जगाच्या अखेरीस ख्रिस्त सगळ्यांच्या पाप-पुण्याचा निवाडा करतो त्याचं, शिल्प बसलं. त्यात १२४ आकृत्या आहेत, आणि काहींवर मूळचा रंग अजून टिकून आहे.

या शिल्पाजवळ मी जरा थांबणार आहे. मधे ख्रिस्त, त्याच्या उजव्या हाताला स्वर्ग, डाव्या हाताला नरक. स्वर्गात सगळे शिस्तीत उभे, आणि खरं सांगायचं तर जरा कंटाळवाणे. कारागिराचा हात खुलला तो नरकात. चिलखतातला सरदार घोड्यावरून डोक्यावर पडतोय. कंजूष माणूस गळ्यात थैली बांधून फासावर लटकलाय. एका शिकाऱ्याला चक्क ससा भाजतोय. धर्मगुरूही सुटलेले नाहीत, ते जाळ्यात अडकलेत. आत्म्यांचं वजन होतंय, तर सैतान हळूच तागडीवर बोट दाबतोय. बाजारात जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि कमानीच्या कडेला, दगडाची पट्टी पडद्यासारखी धरून, छोटी छोटी डोकी डोकावून हा सगळा तमाशा बघताहेत. ती मला सगळ्यात आवडतात.

पुढची काही शतकं पडतीची. ती सोडून थेट फ्रेंच राज्यक्रांतीकडे येऊ. तेव्हा चर्चचं सोनं-चांदी सरकारजमा होऊन वितळवलं जात होतं. कोंकच्या गावकऱ्यांनी तिजोरीतल्या वस्तू घराघरांत लपवल्या, काही चेस्टनट वाळवायच्या खोपटांत. आणि धोका टळल्यावर परत आणून दिल्या. म्हणूनच ती सोन्याची मूर्ती आजही गावातच आहे. पण म्हणून गावकऱ्यांना संतपद देऊ नका. मठाच्या ओसरीचे दगड मात्र याच गावच्या मंडळींनी आपल्या बांधकामाला बिनदिक्कत उचलून नेले. सोनं देवीचं, दगड सगळ्यांचे!

१८३७ साली ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे इथं पोचले. अशा ओसाड जागी एवढी संपत्ती सापडेल असं वाटलं नव्हतं, या अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या अहवालानं चर्च वाचलं. १८७३ मध्ये प्रेमोंत्रे पंथाचे संन्यासी आले आणि मठ पुन्हा नांदता झाला. १८७५ मध्ये दुरुस्ती चालू असताना भिंतीत दडवलेली पेटी मिळाली. आत फ्वाच्या अस्थी होत्या.

शेवटची भर अगदी अलीकडची. जवळच्या रोदेज गावी १९१९ साली जन्मलेला पिएर सुलाज शाळकरी वयात कोंकला आला, आणि आपण चित्रकारच व्हायचं हे त्यानं तिथं ठरवलं. पुढे काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून तो जगभर गाजला. १९८६ मध्ये सरकारनं त्याच्याकडे चर्चच्या खिडक्या सोपवल्या. त्यानं ना संत काढले, ना रंग. मनासारखी काच बाजारात मिळेना, म्हणून असंख्य प्रयोग करून स्वतः बनवून घेतली. अर्धपारदर्शक, बिनरंगी, तिच्यावर शिशाच्या काळ्या तिरप्या रेघा. १९९४ मध्ये १०४ खिडक्या पूर्ण झाल्या. गावात पुष्कळ कुरकुर झाली. जुन्या खिडक्यांत त्यांची फ्वा दिसत होती, नव्यांत कुणीच दिसेना. पण या काचा उन्हाबरोबर बदलतात, कधी निळसर तर कधी नारिंगी, हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं.

१९९८ पासून हे चर्च आणि दुर्दूवरचा पूल युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, सान्तियागोच्या वाटेचा भाग म्हणून. तिथं जाण्याचा योग आलाच, तर दारावरचं शिल्प दुपारनंतर पाहा. ऊन तेव्हा त्याच्यावर येतं. आणि मुक्काम करा. संध्याकाळी मठातले एक संन्यासी दारापुढे उभे राहून यात्रेकरूंना ते शिल्प समजावून सांगतात, आणि ससा आला की लोक हसतात.

नमस्कार.