ओहोटीची वेळ विचारून निघा

मंडळी, मुंबईला पाहुणा आला की आपण त्याला गेटवे दाखवतो, मरीन ड्राइव्हवर फिरवतो आणि समुद्र पाहून झाला म्हणतो. पण मरीन ड्राइव्हवर कधी मालाचं जहाज लागलं नाही. गेटवे तर १९२४ साली पुरा झालेला समारंभाचा दरवाजा. २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची गोरी पलटण त्याच कमानीतून गेली, तोही समारंभच. बंदर म्हणावं ते सगळं पूर्वेला, गोदीच्या लांबलचक भिंतीमागे.

सुरुवात ससून डॉकपासून करा, आणि पहाटे करा. बगदादहून आलेल्या ज्यू ससून घराण्यानं १८७५ साली ही गोदी बांधली. त्यांचा धंदा अफूचा आणि कापसाचा. आज तिथं मासळी उतरते. सहा वाजायच्या आत होड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. एक खलाशी खालून पाटी फेकतो, वरचा झेलतो, बर्फाचं पाणी दोघांच्या अंगावर. तिकडे लिलाव चाललेला. भाव कानावर पडतो तोवर ढीग विकला गेलेला असतो. शेडमध्ये बायका उकिडव्या बसून कोळंबी सोलतात. मी एकदा बोंबलांचा ढीग न्याहाळत वाटेतच उभा राहिलो, तर डोक्यावर टोपली घेतलेली एक मावशी म्हणाली, “बघायचं तर बाजूला राहून बघ रे!” डॉक बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगतो. आणि चपला जुन्या घाला.

तिथून उत्तरेकडे निघालात की नावं वाचत चला. बोरीबंदर, मशीद बंदर, चिंचबंदर. नावात बंदर, पायाशी पाणी नाही. भराव टाकत टाकत किनारा पुढे सरकला, नावं जिथल्या तिथे राहिली. पूर्वी मोठी जहाजं आत खाडीत नांगर टाकून उभी राहत आणि पडाव, मचवे त्यांचा माल धक्क्यावर आणत. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला, मग मोठ्या गोद्या झाल्या. १८८०ला प्रिन्सेस डॉक, १८८८ला व्हिक्टोरिया, १९१४ला अलेक्झांड्रा. तिलाच आपण आता इंदिरा डॉक म्हणतो.

गोदी बांधायची ती भरती-ओहोटीपायी. उधाणाच्या दिवशी इथं पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं. ओहोटीत जहाज चिखलात बसलं तर माल काढणार कसा? म्हणून दरवाजे लावून पाणी आत अडवून धरायचं. इंदिरा डॉकच्या तोंडाशी साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद अशी कोठडीच आहे. जहाज आधी तिच्यात शिरतं, पाण्याची पातळी जुळली की आतला दरवाजा उघडतो.

प्रिन्सेस डॉक खणताना मात्र गंमत झाली. चिखलाखाली जंगल निघालं! शेकडो झाडं, बरीचशी खैराची, कितीतरी बुंधे मुळांसकट उभे. म्हणजे एके काळी ती कोरडी जमीन होती. भराव टाकून समुद्र हटवणारे आपणच, असा आपला समज. समुद्रानं तो उद्योग आधीच उलटा करून ठेवला होता.

शेजारच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ला ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. पोटात दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीला चढवलेला कापूस, सगळं एकत्र. कापूस धुमसला आणि दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ जवान. अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो त्यामुळेच. ती जागा बघायला जाल तर पाणी सापडणार नाही. कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, दोन्ही गोद्या अलीकडे बुजवल्या. खैराच्या जागी पुन्हा जमीन झाली.

शेवट भाऊच्या धक्क्यावर करा. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी १८४१च्या सुमारास बांधलेला मूळ धक्का या जागी नव्हता. नाव तेवढं इथवर चालत आलं. इथून रेवसची लाँच धरा, गोदीच्या भिंतीची समुद्राकडची बाजू तिच्यातूनच दिसते. फक्त तिकीट काढण्याआधी ओहोटी कितीला आहे ते विचारा. रेवसला गाळ फार, पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही.