उंदीर खटका किती वेळा दाबतो?

नमस्कार सोलापूरकर मंडळी! आज दुखण्याच्या गोळ्यांवर बोलूया, पॅरासिटामॉल वगैरे नाही हं, मॉर्फिनच्या घराण्यातल्या, ट्रामाडॉलसारख्या. आपल्याकडं पूर्व भागात यंत्रमागावर उभं राहून पाठ धरलेली माणसं, विड्या वळून मान आखडलेल्या बायका काय कमी हैत का, मग मेडिकलवाल्याला "मागचीच गोळी द्या की ओ" सुरू होतं.

तर अशा औषधाची चटक लागेल का, हे आधी उंदरावर बघतात. त्याच्या शिरेत बारीक नळी बसवतात, पिंजऱ्यात एक खटका, तो दाबला की थोडं औषध थेट रक्तात. १९६२ मध्ये जेम्स वीक्स या संशोधकानं मॉर्फिन देऊन हे करून दाखवलं. पण नुसतं दाबतो का नाही एवढ्यावर भागत नाही, मग भाव वाढवत नेतात, पहिला डोस एका दाबात, पुढचा दोन, मग चार, सहा, नऊ असं करत करत, आणि उंदीर ज्या आकड्याला "जाऊ दे बे" म्हणून सोडून देतो तो आकडा लिहून घेतात, अगदी चादरीच्या दुकानातल्या घासाघिशीसारखं. नुसत्या सलाइनसाठी तो लवकर थांबतो, हेरॉइनसाठी दाबतच राहतो.

आता ट्रामाडॉलची गंमत ऐका. गोळी पोटातनं लिव्हरमध्ये गेली की तिचं जे नवं रूप तयार होतं, ते मेंदूत मॉर्फिनच्या जागेवर मूळ औषधापेक्षा कितीतरी घट्ट बसतं. इंजेक्शननं थेट रक्तात दिलं की हा लिव्हरचा पहिला फेरा चुकतो, म्हणजे नळीच्या टेस्टमध्ये औषध गरीब दिसणार आणि लोक तर गोळीच खाणार! अमेरिकेत १९९५ ला ते बाजारात आलं तेव्हा नशेच्या औषधांच्या यादीत नव्हतं, २०१४ ला घातलं, आपल्याकडं एनडीपीएस, म्हणजे नशेच्या औषधांवरच्या कायद्याखाली २०१८ ला आलं. मला विचाराल तर उंदीर खोटं बोलत नाही, त्याला प्रश्न कसा विचारला ते बघावं लागतं. शिवाय त्या उंदराला ना डबल पाळी, ना डोक्यावर कर्ज.

एक मात्र ऐका, घरात कुणाला कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं असेल तर हे ऐकून गोळ्या लपवू नका. आणि रोज ट्रामाडॉल घेणाऱ्यांनी पण उद्यापासून एकदम बंद करू नका, घाम, जुलाब, अंगदुखी, झोप उडणं असलं सगळं मागं लागतं, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.