पंचगंगेचा गाळ

मंडळी, जुलै उजाडला की आपल्या सगळ्या कोल्हापूरकरांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे लागतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ साली पाणी ५५ फुटांवर गेलं. फूट मोजता मोजता पाण्याच्या रंगाकडे मात्र आपलं दुर्लक्ष होतं. तो तांबूस गढूळपणा म्हणजे झिजून खाली आलेला सह्याद्री आहे. पुराची चर्चा याच्याशिवाय पुरी होऊच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेला जन्म देणाऱ्या नद्या डोंगरातून उतरतात तेव्हा उतार मोठा, धार जोरकस. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकतं त्या दगडाचं वजन साधारण ६४ पट होतं. म्हणून वरच्या अंगाला गोटे गडगडत येतात आणि पुढे प्रयाग चिखलीच्या संगमापासून नदी संथ झाली की मागेच राहतात. बारीक मातीची तऱ्हा वेगळी. तिचे कण एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे तळातून सुटायला वाळूपेक्षा जास्त जोर लागतो. पण एकदा सुटली की मंद पाण्यातही ती तरंगत राहते. ती खाली बसते पाणी थबकतं तिथे, म्हणजे पुरात बुडालेल्या शिवारात. आपली नदीकाठची मळीची, म्हणजे गाळाची, रानं अशीच, पुरामागून पूर येऊन तयार झाली आहेत.

आता वळणाचं पाहू. चहा ढवळून कप ठेवा. चोथा कडेला जाईल असं वाटतं, पण तो मधोमध गोळा होतो, कारण तळाशी घर्षणाने पाण्याचा वेग कमी होतो आणि तळातला प्रवाह आतल्या बाजूला वळतो. १९२६ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी हाच दाखला देऊन नद्यांची वळणं समजावली. त्यांचा मुलगा हान्स आल्बर्ट तर पुढे नदीच्या गाळाचाच मोठा अभ्यासक झाला. वळणाच्या बाहेरच्या काठाला धार घासते, तिथे डोह पडतो. आतल्या काठाला वाळू साठत जाते. अशी नदी हळूहळू कूस बदलते. काठावरच्या शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते: काठ बऱ्याचदा ढासळतो तो पूर ओसरताना. माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि तिला बाहेरून टेकू देणारं पाणी झपाट्याने उतरतं. मग उसाच्या सरीसकट लांबच्या लांब कडा खाली येते.

ज्यांनी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा रचला त्यांना हे उमगलं होतं. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे घालता-काढता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं आणि जूनच्या आधी काढून घ्यायचे, म्हणजे पूर आणि गाळ दोन्हींना वाट मोकळी. बरगे वेळेवर निघाले नाहीत, की गाळ तिथेच अडून बसतो.

आज दर पुरानंतर ‘पात्रातला गाळ काढा’ अशी मागणी होते. जिथे भर साठली आहे तिथे काढावाच. पण पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी मागे फुगतं, वेग मरतो आणि खणलेला खड्डा पुन्हा भरतो. माझा आग्रह वेगळा आहे. पूररेषेच्या आत रस्त्यांसाठी मातीचे भराव घालणं थांबवा. तिथे खांबांवरचे पूल बांधा आणि पाण्याला पसरायला रान मोकळं ठेवा.