आधी कंत्राटदार, मग नकाशा: ग्रॉस धरणाची उंची कशी वाढते

[दृश्य: दरीच्या तळापासून वर चढणारा ड्रोन. काँक्रीटच्या पायऱ्या.]

या पायऱ्या चढण्यासाठी नाहीत. एकेक पायरी चार फूट उंच आहे, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढी. खालच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत अशा 118 पायऱ्या. धरण पुरं होईल तेव्हा त्याची उंची 471 फूट भरेल, साधारण 144 मीटर.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर काउंटीच्या डोंगरात, साउथ बोल्डर क्रीक नावाच्या नदीवर हे ग्रॉस धरण आहे. मालक डेन्व्हर वॉटर, म्हणजे डेन्व्हर शहर आणि आसपासच्या सुमारे 15 लाख लोकांना पाणी देणारी संस्था. मूळ धरण 1954 साली पुरं झालं, उंची 340 फूट. ते पाडलेलं नाही. या पायऱ्यांच्या आत ते अजून उभं आहे आणि त्याच्या मागे पाणीही आहे.

[दृश्य: जलाशय, वरून.]

जुन्या धरणात 42 हजार एकर-फूट पाणी मावायचं. आपल्या हिशेबात साधारण 1.8 टीएमसी, म्हणजे खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याहून थोडं कमीच. उंची 131 फुटांनी वाढली की साठा 1 लाख 19 हजार एकर-फुटांवर, 5.2 टीएमसीच्या आसपास जातो. उंची दीडपटही होत नाही, पाणी मात्र जवळजवळ तिप्पट होतं. दरी वर रुंद होत जाते, त्यामुळे वरचा प्रत्येक फूट खालच्या फुटापेक्षा जास्त पाणी धरतो.

एवढं पाणी इथेच का? डेन्व्हरचा नव्वद टक्के साठा शहराच्या दक्षिणेकडच्या योजनेत आहे आणि उत्तरेकडे जेमतेम दहा टक्के. 2002 साली दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी हेमनचा वणवा लागला. डोंगर जळले. पुढच्या पावसात राख-माती वाहून आली ती दक्षिणेच्या धरणांत. उत्तरेत टेकायला काही नव्हतं. ग्रॉसचं पाणी मुख्यतः डोंगराच्या पश्चिम उतारावरून येतं. तिथून ते रेल्वेच्या मॉफॅट बोगद्याला समांतर खोदलेल्या जलबोगद्यातून 1936 पासून येत आहे. बोगदा आहे, नदी आहे, फक्त भांडं लहान.

[दृश्य: जुन्या धरणाची खालची बाजू, जवळून. खडबडीत काँक्रीट.]

आता ही भिंत नीट बघा. कंत्राट ज्या पद्धतीने दिलं गेलं, त्याचं कारण इथेच दिसतं.

आपल्याकडची सवयीची वाट सगळ्यांना माहीत आहे. नकाशे तयार होतात, सरकारी दरसूचीवरून अंदाजपत्रक निघतं, निविदा प्रसिद्ध होते. बी-1 नमुन्यात कंत्राटदार एकच आकडा भरतो: अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जास्त. सगळ्यात कमी असेल तो एल-1, काम त्याचं. नकाशा त्याच्या हातात पहिल्यांदा पडतो तो कोरी निविदा घेतल्यावर. मग हातात राहिलेल्या थोड्या दिवसांत त्याने दर काढायचे. रस्त्याला, नव्या कालव्याला हे चालून जातं.

जुन्या धरणावर नवं धरण चढवताना चालत नाही. जुनं काँक्रीट किती खोल खरवडलं की घट्ट लागेल, हे खरवडल्याशिवाय कळत नाही. नव्या पायथ्याखालचा खडक उघडा केल्याशिवाय कुठे कुजका निघेल सांगता येत नाही. खाणीतल्या दगडातून किती खडी उपयोगाची निघेल, हेही क्रशर चालल्यावरच कळतं. या तिन्ही गोष्टींचा दर आधी ठरवून टाकला की दोनपैकी एक घडतं. एक तर कंत्राटदार भीतीपोटी भरमसाट दर लावतो, नाहीतर कमी दराने काम घेऊन पुढची पाच वर्षं ज्यादा बाबींचे प्रस्ताव आणि कलम 38 खालचे, म्हणजे ठरल्याहून वाढलेल्या कामाचे, दावे लिहीत बसतो. त्या पत्रव्यवहाराच्या फायली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

डेन्व्हर वॉटरने वेगळी वाट घेतली. तिथे तिला सीएमजीसी म्हणतात, कन्स्ट्रक्शन मॅनेजर-जनरल काँट्रॅक्टर. आराखड्याचं काम स्टँटेक कंपनीकडे. आराखडा पुरा व्हायच्या आत, 2019 मध्ये, कीविट आणि बर्नार्ड या दोन कंपन्यांची संयुक्त भागीदारी कंत्राटदार म्हणून निवडली गेली. प्रत्यक्ष काम सुरू झालं एप्रिल 2022 मध्ये. मधली अडीच-तीन वर्षं कंत्राटदार टेबलावर होता.

[दृश्य: बैठकीची खोली, पसरलेले नकाशे. खाणीचा कच्चा आराखडा.]

या पद्धतीत करार दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा सल्ल्याचा, आणि त्याची फी वेगळी मिळते. अभियंता रेघ मारतो आणि कंत्राटदार विचारतो, इथे डोझर वळणार कसा? गॅलरीचा, म्हणजे धरणाच्या पोटातल्या तपासणीच्या बोगद्याचा, साचा या थरात बसवला तर रोलर किती वेळ थांबेल? खाण कुठे, काँक्रीट कालवणारा बॅचिंग प्लांट कुठे, ते वाहून नेणारा पट्टा कुठून जाणार, हे नकाशा पक्का होण्याआधी ठरतं. जोखमींची एक यादी केली जाते आणि प्रत्येक ओळीपुढे लिहिलं जातं, ही घडली तर पैसे कोणाच्या खिशातून.

मग किंमत. कंत्राटदार आपले हिशेब उघडे करून दाखवतो: मजुरी किती, डिझेल किती, यंत्राचा ताशी खर्च किती, नफा किती टक्के. मालक एक स्वतंत्र दरतज्ज्ञ नेमतो. तो तेच नकाशे घेऊन, कंत्राटदाराचा आकडा न बघता, आपला आकडा काढतो. दोन्ही समोरासमोर ठेवले की फरक कुठे आहे ते बाबवार दिसतं. जमलं तर कमाल किंमत ठरते, त्याच्यावरचा खर्च कंत्राटदाराचा. नाही जमलं तर मालक तिथेच थांबून उरलेल्या कामाची खुली निविदा काढू शकतो. ही सुटकेची वाट करारात लिहिलेली असावीच लागते. नसेल तर दुसऱ्या टप्प्यात मालकाची मान अडकते, आणि या पद्धतीवर होणारी टीका नेमकी तीच आहे की स्पर्धा एकदाच होते, तीही किंमत कळायच्या आधी.

तारखांचाही प्रश्न होता. लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाची परवानगी 2017 मध्ये मिळाली. जलविद्युत परवान्यातल्या बदलाचा केंद्रीय आदेश जुलै 2020 मध्ये आला, त्यात अट अशी की दोन वर्षांत काम सुरू करा. बोल्डर काउंटीशी वाद चालला होता, तो नोव्हेंबर 2021 मध्ये 1 कोटी 25 लाख डॉलर देऊन मिटला. म्हणजे मुदतीला जेमतेम आठ महिने उरले होते. शून्यापासून निविदा काढायची असती तर ते आठ महिने निविदेतच गेले असते.

[दृश्य: सुरुंग. धुरळा. पोकलेन. मग पाण्याच्या झोताने भिंत खरवडणारं यंत्र.]

पहिली दोन वर्षं धरणाच्या काँक्रीटचा एकही थर पडला नाही. आधी रस्ता रुंद केला, कारण सिमेंटचे लांब ट्रक महामार्गावरून या घाटात वळतच नव्हते. मग दोन्ही तीरांवर सुरुंग लावून खडक उघडा केला. उघड्या खडकावर आधी पोकलेन, मग पहारी, मग हवेचा झोत, शेवटी झाडू. खडकावर मातीचा पापुद्रा राहिला तर वरचं काँक्रीट खडकाला नाही, मातीला चिकटतं.

जुन्या भिंतीवर हा पाण्याचा झोत चालतो तो अतिउच्च दाबाचा. सत्तर वर्षं ऊन-बर्फ खाल्लेला वरचा काही इंचांचा थर तो काढून टाकतो. ब्रेकरने ठोकून काढलं असतं तर आतल्या चांगल्या काँक्रीटलाही बारीक तडे गेले असते. पाणी फक्त कमकुवत भाग नेतं आणि खडी उघडी सोडतं. त्या उघड्या खडीला नवं काँक्रीट पकड घेतं.

ही कसरत आपल्याला अनोळखी नाही. 1967 च्या भूकंपात कोयना धरणाच्या वरच्या भागात तडे गेले, तेव्हा भिंतीच्या खालच्या, पाणी नसलेल्या बाजूला काँक्रीटचा आधार जोडला गेला. पुढे सांडव्याच्या भागालाही तसंच बळकट केलं. जुन्याला नवं धरून राहिलं पाहिजे, दोन वेगवेगळ्या भिंती होता कामा नयेत.

त्यासाठी पाण्याची पातळीही सांभाळावी लागते. भरलेल्या जलाशयाच्या दाबाने जुनं धरण आधीच किंचित वाकलेलं असतं. तशा अवस्थेत नवं काँक्रीट जोडलं तर तो सगळा भार जुन्यावरच राहतो, नवं नुसतं शेजारी उभं. म्हणून जोडताना पातळी खाली ठेवतात. शहराचा पुरवठा न तोडता ती किती खाली ठेवायची, हे नकाशावर नाही, वेळापत्रकावर ठरतं.

[दृश्य: पट्ट्यावरून येणारं काँक्रीट. डोझर. रोलर. रात्रीचे दिवे.]

मे 2024. पहिला थर.

याला आरसीसी म्हणतात, पण आपल्या इमारतीच्या आरसीसीशी नाव सोडून काही संबंध नाही. यात सळईच नाही. रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट, रोलरने दाबलेलं. पाणी इतकं कमी की ओल्या मुरुमासारखं दिसतं, हातात घेतलं तर लाडू वळतो. स्लॅबच्या काँक्रीटला घनमीटरमागे सव्वातीनशे किलोच्या आसपास सिमेंट लागतं. आरसीसी धरणात सिमेंट आणि कोळशाच्या वीज केंद्रातली राख मिळून शंभर ते दोनशे किलोंत भागतं. भारतात पहिल्यांदा हे घाटघर प्रकल्पात वापरलं. मुंबईसाठी मोखाड्यात बांधलेलं शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरणही असंच.

खडी धरणाशेजारच्या खाणीतली. तिथेच क्रशर, तिथेच प्लांट, तिथून पट्ट्यावरून माल धरणावर. डोझर तो एक फुटाच्या थरात पसरतो, व्हायब्रेटरी रोलर दाबतो. चार थर झाले की एक पायरी. काठाला, जिथे रोलर पोचत नाही, तिथे सिमेंटचा पातळ रबडा ओतून साध्या व्हायब्रेटरने काँक्रीट बसवतात. पायरी गुळगुळीत दिसते ती त्यामुळे.

इथे बिघडतं काय, तर दोन थरांमधला सांधा. एक थर दाबल्यावर दुसरा किती वेळात पडला, याला सगळं महत्त्व. घड्याळाच्या तासांवर भागत नाही. तापमान गुणिले तास, असं मोजतात, कारण उन्हात थर लवकर आवळतो. मर्यादेच्या आत दुसरा थर पडला तर सांधा ताजा, काही करायला नको. मर्यादा ओलांडली तर पृष्ठभाग धुऊन वर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा पातळ थर द्यायचा. फारच उशीर झाला तर खडी उघडी पडेपर्यंत खरवडायचं. यातलं काही चुकवलं तर पुढे पाणी तिथूनच पाझरतं.

करारात बघायची जागा नेमकी हीच. कंत्राटदाराला पैसे फक्त घनमीटरवर मिळत असतील तर धुणं, मसाला, खरवडणं हे त्याच्या लेखी नुसतं थांबणं आहे. या गोष्टी वेगळी बाब धरून वेगळ्या दराने मोजल्या, तर गुणवत्तेच्या माणसाला रोलर थांबवताना भांडावं लागत नाही.

दुसरा त्रास उष्णता. नवं काँक्रीट घट्ट होताना तापतं, मग महिनोन्‌महिने निवत आकसत जातं. जुनं धरण कधीच निवलेलं, ते हलत नाही. नवं आकसताना जुन्याला ओढतं, आणि तडा जायचा तर तिथे जातो. म्हणून सिमेंटच्या जागी राख जास्त. अमेरिकेत कोळशाची वीज केंद्रं बंद पडत आहेत, तिथे चांगल्या राखेसाठी आधी नंबर लावावा लागतो. आपल्याकडे तिचे डोंगर पडून आहेत.

[दृश्य: बर्फ. थांबलेली यंत्रं.]

आणि हिवाळा. या उंचीवर, बावीसशे मीटरच्या आसपास, कडाक्याच्या थंडीत आरसीसी टाकता येत नाही. नोव्हेंबरच्या सुमारास काम थांबतं आणि वसंतात पुन्हा उठतं. प्लांट उभाच, पट्टा उभाच, कुशल माणसं सांभाळायची. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने असेच जातात आणि दर वर्षी मुदतवाढीच्या अर्जात येतात. इथे हिवाळा वेळापत्रकात आधीच आहे, त्याचा खर्चही. वसंतातला पहिला दिवस काँक्रीटचा नसतो, मागच्या वर्षीचा शेवटचा थर खरवडण्याचा असतो.

[दृश्य: अर्धवट धरण, समोरून. मग न्यायालयाची इमारत, एकच शॉट.]

प्रकल्पाचा जाहीर खर्च 53 कोटी 10 लाख डॉलर. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय न्यायालयाने ठरवलं की 2017 ची लष्करी विभागाची परवानगी पर्यावरणाच्या कायद्यांना धरून नव्हती, पर्याय नीट तपासलेच नव्हते. एप्रिल 2025 मध्ये काम थांबवण्याचा हुकूम झाला, वरच्या न्यायालयाने तो तात्पुरता रोखला. मे 2025 चा आदेश असा: अर्धवट धरण धोक्याचं, म्हणून ते पुरं करा, पण जलाशय वाढवायचा नाही आणि काठची झाडं तोडायची नाहीत. डेन्व्हर वॉटर अपिलात गेली.

[दृश्य: काठावरचे पाइन वृक्ष. खडकावरची जुन्या पाणीपातळीची पांढरी रेघ. वर रोलर फिरतो आहे.]